डाव्या आट्याचे दिवस

कार्तिक लागला की माझे पाय घरात ठरत नाहीत. ऐंशी उलटली तरी ही खोड गेली नाही. सून म्हणते, "बाबा, जरा एका जागी बसा ना." मी बसतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठलेला असतो. परवा मुलगा सासरवाडीला निघाला. सामान डिकीत गेलं होतं, मुलं आत बसून एकमेकांना ढकलत होती आणि मी खाली वाकून एकेका चाकाच्या नटाला बोट लावून बघत होतो.

"बाबा, गाडी गेल्याच आठवड्यात सर्व्हिसिंगहून आलीय."

"हो रे, माहीत आहे," मी म्हणालो. पण चौथं चाक बघितल्याशिवाय बाजूला झालो नाही.

त्याला काय सांगणार? साठ वर्षांपूर्वीच्या एका कार्तिकात मी बोईसरला होतो, तेवीस वर्षांचा होतो आणि शहाणा होतो, एवढं सांगून त्याला काही कळलं नसतं.

तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. मी कोरेगावाकडचा. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाला असायचं, इथे ते हवेतच. उशी ओलसर, काडेपेटी ओलसर, अंगातला सदराही ओलसर. पाऊस संपून भात पिवळं पडलं की मात्र चार दिवस सगळं कोरडं व्हायचं. पहाटे जमिनीवरचा वारा यायचा, त्याला कापलेल्या गवताचा वास. संध्याकाळी वारा फिरायचा आणि मुरब्याच्या कोळीवाड्याकडून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन यायचा. पहिल्या वर्षी त्या वासाने मी नाकाला रुमाल लावून जेवलो. दुसऱ्या वर्षी तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटायला लागलं. दुपारी बांधकामावर सुरुंग उडत आणि कौलारू घरांच्या खिडक्या थरथरत. गावातल्या म्हाताऱ्या म्हणत, "समिंदरापाशी आता काय बांधताव, देवाला म्हाईत." मला ते ऐकून मोठा माणूस झाल्यासारखं वाटे, कारण जे काही बांधलं जात होतं त्याच्या स्टोअरमध्ये मी कारकून होतो. शेकडो जातींचे नट आणि बोल्ट माझ्या हातून जात. त्यांचे नंबर मला तोंडपाठ होते. त्यांतला एकही मी कधी स्वतः कशावर बसवला नव्हता, ही गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटत नव्हती.

राहायला मी इंदूताईंकडे होतो. त्यांच्या घरामागची एक खोली. इंदूताई पन्नाशीच्या, प्राथमिक शाळेत शिक्षिका. यजमान जंगलातल्या लाकडाचे ठेकेदार होते. ते गेले तेव्हा मागे हे घर राहिलं, आणि दारात एक काळी विलायती मोटार. मोटार महायुद्धाच्या आधीची होती. फुगीर मडगार्डं, दाराखाली लांब पायपट्टी, आत चामड्याचा वास. नातेवाईक म्हणाले, विकून टाक. बाईंनी यजमानांच्या जुन्या ड्रायव्हरला महिनाभर ठेवून घेतलं आणि चालवायला शिकल्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, चष्मा नाकावर नीट बसवून त्या गाडी काढत. आधी पोरं मागे धावली, बाप्ये हसले. मग एकदा कुणाच्या तरी अडलेल्या सुनेला त्यांनी पालघरला दवाखान्यात पोचवलं आणि हसणं थांबलं. त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून कुणीही, कधीही, दारात येऊन "बाय" अशी हाक मारायचं आणि बाई किल्ली घ्यायच्या.

दिवाळी नुकतीच झाली होती. रविवारी दुपारी गाडीचं मागचं डावं चाक बसलेलं दिसलं. पंक्चर. बाई म्हणाल्या, "मनोहर, स्टेपनी लावायला मदत करशील का? मी दाखवते कसं ते."

"तुम्ही कशाला येता उन्हात? मी करतो."

"आधी कधी बदललंयस?"

"हे काय सांगायचं काम आहे ताई? दिवसभर हेच तर बघतो."

त्या आत गेल्या. मी जॅक लावला, चाकावरची चकचकीत टोपी काढली. आत पाच नट, काळ्या वंगणात माखलेले. पाना लावला आणि सगळं जग ज्या बाजूला नट सोडवतं त्या बाजूला जोर दिला. हलेना. पान्यावर पाय ठेवला. हलेना. मग उभा राहिलो पान्यावर आणि अंगाचा सगळा भार दिला. कड् असा आवाज झाला. सुटला, असं वाटून मला आनंदच झाला. नट हातात आला तो आतल्या मोडक्या तुकड्यासकट. चाक ज्या पाच खुंट्यांवर बसतं, त्यांना स्टड म्हणतात, त्यांतला एक तुटला होता. तुटलेली कड ताज्या फोडलेल्या दगडासारखी करडी, दाणेदार.

जुना असेल, गंजला असेल, असं म्हणून मी दुसरा धरला. तोही तसाच गेला.

तिसऱ्यावर मी चिडलो आणि चिडून पाना भलत्याच दिशेला हिसडला. नट लोण्यासारखा सुटला. मी तसाच उकिडवा बसून राहिलो. चिंधीने तिसऱ्या स्टडचं टोक पुसलं. वंगणाखाली बारीक एक अक्षर ठोकलेलं होतं, डाव्या बाजूची खूण. त्या गाडीच्या डाव्या चाकांचे आटे उलटे होते. जिकडे मी सोडवत होतो, तिकडे मी आवळत होतो.

आतून हाक आली, "झालं का रे? चहा टाकलाय."

आजही मला तो क्षण तपशिलासकट दिसतो. हातावर वंगण, मानेवर ऊन, समोरच्या खळ्यावर भात झोडपण्याचा एकसुरी आवाज. एवढंच म्हणायचं होतं की ताई, दोन तुटले. पण ते म्हणायचं म्हणजे मला येत नाही हे म्हणायचं, आणि तेही एका बाईला, जिने दाखवते म्हटलं होतं.

"झालं!" मी ओरडलो.

उरलेल्या तिन्ही नटांवर स्टेपनी बसवली, या वेळी बरोबर बाजूला आवळून. मोडके तुकडे मागच्या गवतात भिरकावले. वरून चाकाची टोपी ठोकली. टोपी मोठी लबाड वस्तू. बाहेरून पाहणाऱ्याला आत पाच आहेत की तीन, काही पत्ता लागत नाही. बाईंनी चहाबरोबर शंकरपाळी दिली. म्हणाल्या, "बरं झालं तू होतास." मी ती शंकरपाळी खाल्ली.

सोमवारी स्टोअरमध्ये मी नोंदी चुकवल्या. एका फोरमनला त्याने मागितलं ते सोडून दुसरंच दिलं. दुपारचा सुरुंग उडाला तेव्हा मी असा दचकलो की शेजारचा टर्नर, कोल्हापूरकडचा, हसत म्हणाला, "काय रं, पहिल्यांदा ऐकतोस व्हय?" संध्याकाळी परत आलो तर गाडी दारात उभी. हायसं वाटलं, पण उद्याही ती जाणारच होती. जेवताना बाई म्हणाल्या, "गाडीतून काहीतरी टकटक वाजतंय रे, मागून."

मी भाताकडे बघत म्हणालो, "रस्ताच तसा आहे. बांधकामाच्या ट्रकांनी उखडलाय."

पहिली चूक हाताची होती. ही दुसरी माझ्या तोंडाची होती, आणि ती करताना माझा आवाज जराही कापला नाही, याची मला आजही भीती वाटते.

त्या रात्री झोप आली नाही, मंगळवारचा दिवस कसा गेला ते आठवत नाही. मनात मी गावाला पळून जायचे बेत करत होतो. आईला बरं नाही अशी तार मागवावी, रजा काढावी, आगगाडीत बसावं. एकीकडे वाटे, तीन नट पुरेसे आहेत. दुसरीकडे डोळ्यांपुढे ते चाक एकटंच रस्त्यावरून घरंगळत जाताना दिसे.

बुधवारी सकाळी साडेसहाला अंगणात हाक आली, "बाय!" कुंभवलीचा दामू पाटील. बाईंच्या शाळेत शिकलेला, आता स्वतःची भातशेती करणारा. धावत आल्यामुळे छाती वरखाली होत होती.

"बाय, येशी काल रातपासून अडलीय. सुईण बोलते माज्या हातातला काम नाय, पालघरला न्या."

येशी त्याची बायको. बाईंनी विचारलंही नाही काही. किल्ली, चष्मा, दोन जुनी लुगडी. दामू पुढे बसला. मी कामावरच्या ट्रकची वाट बघत पायरीवर उभा होतो. आता बोल, मी स्वतःला म्हणालो. इंजिन सुरू झालं. आता. गाडी अंगणाबाहेर पडली, वळली, कुंभवलीच्या रस्त्याला लागली, आणि मी पायरीवर उभाच.

येशीला घेऊन गाडी परत आमच्या घरावरूनच पालघरकडे जाणार होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. कामावरचा ट्रक आला, भोंगा वाजवून निघून गेला. अर्ध्या तासाने काळी गाडी दिसली. मी दोन्ही हात वर केले. बाईंना वाटलं, माझा ट्रक चुकला आणि मला गाडीत जागा हवी. "आत्ता नाही रे मनोहर!" असं ओरडून त्यांनी मला वळसा घातला. मागच्या खिडकीतून एक कण्हणं माझ्या अंगावरून गेलं. आणि त्यापाठोपाठ ते टकटक. मी पहिल्यांदाच ते ऐकलं.

शेजारच्या भिंतीला टेकलेली सायकल मी न विचारता उचलली.

कार्तिकातल्या सकाळी इतक्या सुंदर असतात हे त्या दिवशी मला छळत होतं. दोन्ही बाजूंना सोनेरी भात, बांधावर बगळे, गवतावर दव. उंब्रोळीच्या अलीकडे माझी छाती फुटायला आली. गाडी कधीच दिसेनाशी झाली होती. जिथे जिथे रस्ता वळत होता, तिथे आडवी पडलेली काळी मोटार दिसेल म्हणून मी पुढे बघायलाच घाबरत होतो.

त्या मोसमात गवताच्या गाड्या स्टेशनाकडे जात. घराएवढा भारा, खाली कुठेतरी बैल. अशी एक गाडी एका अरुंद मोरीवर कलंडून अडकली होती आणि तिच्या मागे आमची मोटार उभी होती. बाई खाली उतरून गाडीवाल्याला बैल कसे सोडायचे ते सांगत होत्या. मी सायकल टाकली.

"ताई, गाडी पुढे नेऊ नका."

"काय झालं? तू इथे कसा?"

"मागच्या डाव्या चाकाचे दोन स्टड तुटलेत. रविवारी. मीच तोडले. उलटे फिरवले. तुम्हाला सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही आणि तुम्ही आवाज येतो म्हणालात तेव्हाही नाही."

वाटलं, थोबाडीत मारतील. मारली असती तर मी आयुष्यभर उपकार मानले असते.

"टोपी काढ," त्या म्हणाल्या.

टोपी निघाली आणि तिच्याबरोबर एक नट, मोडक्या तुकड्यासकट, माझ्या पायाशी पडला. तिसराही गेला होता. उरलेले दोन बोटांनी हलत होते.

दामू खाली उतरून माझ्या खांद्यावरून ते बघत होता. आतून येशीचा आवाज आला. आता तो कण्हण्यासारखा नव्हता. बाई सरळ त्याच्याकडे वळल्या. "दामू, ऐक. गाडी धोक्याची आहे. दोन नटांवर चाक आहे. चालत्या माणसाच्या वेगाने नेली तर पोचेल असं मला वाटतं, खात्री देत नाही. नाहीतर ही गवताची गाडी मोकळी करून तिच्यात नेऊ, पण त्याला दुपार होईल. तू सांग."

दामूने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला ओळखता आला असता. "बाय, तुमी चालवणार ना?" तो म्हणाला. "मंग चला. पन हा मानूस चाकापाशी ऱ्हाऊ दे."

मी ते दोन नट आवळले, डावीकडे, उलटे. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तेच दाखवणार होते तुला."

गवतवाल्यांनी भारा उतरवून वाट करून दिली. मी पायपट्टीवर उभा राहिलो, एका हाताने छताची कड धरून, दुसऱ्या हातात पाना घेऊन, मान वळवून मागच्या चाकाकडे डोळे लावून. पालघरपर्यंतचा तो रस्ता मी बघितलाच नाही. मी फक्त एक चाक बघितलं. फर्लांगभर गेलं की काचेवर टकटक करायचं, गाडी थांबायची, उतरायचं, नट आवळायचे, पुन्हा चढायचं. दर वेळी नट थोडा फिरायचा. खिडकीतून येशीचा हात बाहेर आला होता, बांगड्यांनी भरलेला. तिने मी धरलेल्या कडेशेजारी खिडकीची चौकट धरली होती. कळ आली की तिची बोटं पांढरी पडत. एकदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, लांब हाय का वं अजून?" तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. मी नाही म्हणालो, जवळ आलं.

साडेनऊला पोचलो. साडेदहाला मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणाचंच सांगता आलं नसतं. मी दवाखान्याच्या मागे जाऊन ओकलो.

गाडी आठ दिवस दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली उभी राहिली. आमचा कोल्हापूरचा टर्नर म्हणाला, "साइटवर लेथ हाय, लोखंड हाय. पाच स्टड म्हंजे काय, जेवणाच्या सुट्टीत काढून देतो." मी उड्या मारत बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "सरकारी लोखंडावर मी कुणाची लेक-सून नेणार नाही. आणि तूही आता झाकून काही करू नकोस." तेवढाच एक बोचरा शब्द त्यांनी मला आयुष्यात ऐकवला.

पालघर स्टेशनाजवळ करीममिस्त्री होते. पांढरी दाढी, एक लेथ, पत्र्याची शेड. मी मोडका तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उजेडात फिरवला आणि विचारलं, "किसने तोड़ा?"

"मी."

"अच्छा है. जिसने तोड़ा, वही बिठाएगा. मैं सिर्फ बनाऊँगा."

ट्रकच्या जुन्या एक्सलच्या पोलादातून त्यांनी स्टड कातले. नेहमीचा आटा पाडताना लेथवरचं हत्यार डावीकडे सरकतं, इथे ते उजवीकडे सरकत होतं, आणि चुरा निळा होऊन कुरळा खाली पडत होता. त्यांनी पाच केले, नटांसकट. मी म्हणालो, तीनच तुटलेत. ते हसले. "जो नहीं टूटे, वो भी थके हुए हैं बेटा. थका हुआ आदमी बोलता है, थका हुआ लोहा नहीं बोलता."

चिंचेखाली मी चाकामागचा ब्रेकचा ड्रम काढला, स्टड त्यातच बसलेले असतात. जुन्या स्टडची खुंटं लोखंडी पंच लावून मागच्या बाजूला ठोकून काढली. चार निघाली, पाचव्याने तासभर घेतला. भोकं साफ केली. नवा स्टड मागून घालायचा, पुढून चार वॉशर आणि नट चढवायचा आणि आवळत आवळत त्याला आत ओढून घ्यायचा. हातोडीने ठोकला तर तिरका बसतो. घाई केली तर आटे जातात. मिस्त्रीही तिथे आले होते, खाटेवर बसून विडी ओढत होते. मी चुकलो की "हूं" एवढंच म्हणत. पाचवा बसला तेव्हा माझ्या तळहाताला फोड आले होते. नट हाताने फिरवून बघितले. उलटे, सगळे उलटे, आणि सगळे सरळ बसलेले. स्टोअरमधले शेकडो नंबर मला पाठ होते, पण लोखंड आत बसतं तेव्हा हाताला काय कळतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

बाई येऊन गाडी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "चांगलं केलंस."

दुसऱ्या दिवशी पहाटे खोलीत पडल्या पडल्या एक आवाज ऐकला. लोखंडावर लोखंड. खिडकीतून पाहिलं. काष्टा मारून, पदर खोचून बाई मागच्या डाव्या चाकापाशी बसल्या होत्या आणि एकेक नट पान्याने तपासत होत्या. बाकीच्या तीन चाकांकडे त्या वळल्याही नाहीत.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. त्या कधी त्याबद्दल बोलल्या नाहीत. रविवारी मला जेवायला बोलवत, आईचं पत्र आलं का विचारत, तापात माझ्या उशाशी बसल्या. पण रोज पहाटे पाच वेळा तो आवाज. मी पांघरूण डोक्यावर घेऊन मोजायचो. त्यांना सांगावंसं वाटे, ताई, आता पुरे. पण कुठल्या तोंडाने सांगणार? दोनदा मी खोली बदलायचा विचार केला आणि दोनदा गेलो नाही. गेलो असतो तरी तो आवाज बरोबर आला असता. पावसाळा गेला, पुन्हा भात पिवळं पडलं, पुन्हा गवताच्या गाड्या स्टेशनाकडे निघाल्या.

मग एका सकाळी मी जागा झालो आणि आवाज आला नाही. बाहेर उजाडलं होतं. अंगणात धावलो. गाडी नव्हती. शेजारीण अंगण झाडत होती. म्हणाली, सफाळ्याकडून कुणीतरी आलं होतं, बाई घाईत गेल्या. पाना काल ठेवलेल्या जागी, पायरीवर, तसाच पडला होता.

कामावरचा ट्रक आला, मी चढलो नाही. पायरीवर बसलो, उठलो, रस्त्यापर्यंत गेलो, परत आलो. माझ्या हातचं काम होतं, मला ठाऊक होतं ते पक्कं आहे. वर्षभर रोज तपासून ते पक्कं निघालं होतं. तरी त्या दिवशी जितका घाबरलो तितका पायपट्टीवरही घाबरलो नव्हतो. तेव्हा निदान चाक डोळ्यांपुढे होतं. ऊन डोक्यावर आलं. सुरुंग उडाला. मी जेवलो नाही.

चारच्या सुमाराला गाडी आली. धुळीने लाल झालेली, चारही चाकांवर. बाई उतरल्या, कमरेवर हात ठेवून जरा मागे वाकल्या, मग मला बघितलं.

"काय रे, कामाला नाही गेलास?"

"नाही. जरा बरं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पायरीवरच्या पान्याकडे.

"सकाळी गडबडीत राहूनच गेलं बघ ते," त्या म्हणाल्या, आणि हात-पाय धुवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आवाज आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. मी मात्र रोज त्याच वेळेला जागा होऊन, कान देऊन पडून राहायचो.